विचारा, सांगतो : नॅनोट्यूब, पाणबुडी आणि सक्शनचा पाइप

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिले होते की कार्बन नॅनोट्यूबवर बाहेरून प्रचंड दाब दिला तर ती चपटी होते, आणि दाब काढला की बहुतेक वेळा परत गोल होते. ओळ एवढीच. पण तिच्यावरून इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर तिलाच दिले आहे. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी, जाडी एका अणूएवढी, ती गुंडाळून झालेली नळी म्हणजे नॅनोट्यूब. व्यास एक-दोन नॅनोमीटर. आपल्या केसाच्या जाडीत अशा पन्नासेक हजार नळ्या शेजारी शेजारी मावतील. सोव्हिएत रशियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच अशा कार्बनच्या पोकळ नळ्यांची छायाचित्रे छापली होती, पण रशियन भाषेतले ते नियतकालिक शीतयुद्धाच्या दिवसांत बाहेर वाचतो कोण? जगाचे लक्ष गेले ते १९९१ मध्ये, जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या लेखामुळे. त्यांच्या नळ्या एकात एक बसलेल्या, अनेक भिंतींच्या होत्या. एकाच भिंतीची नळी दोन वर्षांनी मिळाली. खालच्या उत्तरांत वेगळे सांगितले नसेल तिथे एकभिंतीच समजावी.

काही वाचकांनी नाव छापू नका असे कळवले, म्हणून सगळ्यांचीच नावे गाळली आहेत.

मास्तर, मी वास्कोला जहाजदुरुस्तीत फिटर होतो, आता घरीच असतो. टायटॅनिक बघायला गेलेली ती पाणबुडी कार्बन फायबरची होती आणि चिरडली. नॅनोट्यूब तर पोलादाच्या शंभरपट मजबूत म्हणतात. तिची पाणबुडी केली असती तर माणसे वाचली असती का?
— एक वाचक, म्हापसा

नाही. आज जी नॅनोट्यूब बनवता येते तिची पाणबुडी करून तरी नाही.

तुम्ही फिटर, तेव्हा मजबूत म्हटले की पहिला सवाल काय, हे तुम्हांला मी सांगायला नको. कशात मजबूत? ओढण्यात, दाबण्यात की वाकवण्यात? वर्तमानपत्रे हा सवाल विचारत नाहीत, म्हणून ते 'शंभरपट' सगळीकडे फिरत राहते. त्याला आधार कोणता ते बघा. अमेरिकेत रॉडनी रुओफ यांच्या गटाने २००० साली अनेक भिंतींच्या नॅनोट्यूब एकेक करून दोन्ही टोकांना पकडल्या आणि तुटेपर्यंत ओढल्या. बाहेरची भिंत ११ ते ६३ गिगापास्कल ताणाला तुटली (गिगापास्कल हे ताणाचे आणि दाबाचे एकक, एक म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणे). साधे माइल्ड स्टील अर्ध्या गिगापास्कलच्या आतबाहेर तुटते. ६३ घ्या, त्याला भागा, झाले शंभरपट. ११ घेतले असते तर वीसपट निघाले असते, पण त्याचा मथळा होत नाही. ताठपणा बघाल तर नॅनोट्यूबचा सुमारे १००० गिगापास्कल आणि पोलादाचा २००. म्हणजे पाचपट. हाही आकडा मोठाच आहे, पण शंभर नव्हे.

आता पाणबुडी. टायटन १८ जून २०२३ रोजी पाच माणसांसह गेली. टायटॅनिक सुमारे ३८०० मीटर खोल आहे. दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब, धरले तर तिथे ३८० वातावरणांचा दाब होतो, गिगापास्कलमध्ये फक्त ०.०३८. हा आकडा वरच्या ११ आणि ६३ च्या शेजारी ठेवला की वाटते, एवढ्याशा दाबाने काय होणार! पण वरचे आकडे ओढण्याचे आहेत. कार्बन फायबरचा एक तंतू पाच-सात मायक्रोमीटर जाड, असे लाखो तंतू रेझिनमध्ये, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थात, बसवलेले. ओढले तर तंतू भार घेतात. दाबले तर तंतूला बाक येऊ पाहतो, आणि त्याला सरळ धरून ठेवायचे काम रेझिनवर पडते. थर जिथे नीट चिकटलेले नसतात तिथे ते सुटतात, आणि दर बुडीला थोडे अधिक सुटतात. टायटनच्या अवशेषांत थर सुटलेले सापडलेच. शिवाय तिचे पोट दंडगोल होते. दंडगोलाच्या भिंतीत घेराच्या दिशेने जो ताण येतो तो तेवढ्याच व्यासाच्या आणि जाडीच्या गोळ्यापेक्षा दुप्पट. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची मत्स्य ६००० ही पाणबुडी सहा हजार मीटरसाठी आखली आहे, तिच्यात माणसे बसायची खोली म्हणजे २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोळा आहे. त्यात दिमाखदार काही नाही, आणि मला तेच पसंत आहे.

नॅनोट्यूबची पाणबुडी करायची तरी नळ्या रेझिनमध्येच बसवाव्या लागणार, म्हणजे तीच कथा. नुसत्या नळ्यांचा दोर वळला तर नळी-नळीमधली ओढ इतकी लेची असते की नळ्या तुटायच्या आधी एकमेकींवरून घसरतात. आणि लांबी? चीनच्या छिंगहुआ विद्यापीठात २०१३ मध्ये अर्ध्या मीटरहून थोडी लांब नळी वाढवली, तो विक्रम म्हणून छापून आला.

गंमत वेगळीच आहे. दोन्ही टोके बंद असलेली एकटी नॅनोट्यूब, १.४ नॅनोमीटर व्यासाची, समुद्रात सोडली तर टायटॅनिकपाशी तिला काही होणार नाही. मारियाना गर्तेच्या तळाशीसुद्धा नाही; तिथे दाब ०.११ गिगापास्कल आणि ही नळी चपटी व्हायला लागतात सुमारे दोन. का, ते पुढच्या उत्तरात.

आमच्या कुळागराला व्हाळाचे पाणी पंपाने चढवतो. फुटव्हॉल्व्हात पाला अडकला की सक्शनचा पाइप जागच्या जागी चपटा होतो आणि पंप नुसता घरघरतो. शेजाऱ्याने आतून कडी असलेला पाइप घेतला, त्याचा होत नाही. नॅनोट्यूबचे हेच का?
— एक बागायतदार, सावईवेरे

हेच. आणि हे उदाहरण मला आधी सुचले असते तर गेल्या अंकातली ओळ मी जरा सविस्तर लिहिली असती.

पाइपाभोवती हवा सगळीकडून दाबत असतेच. आत पाणी आहे तोवर तोल राहतो. पाला अडकला, खालून पाणी येईना आणि पंप ओढतोच आहे, की आतला दाब उतरतो. पुढच्या वेळी पंप बंद करायला धावण्याआधी क्षणभर उभे राहून बघा. पाइप प्रथम किंचित लंबगोल होतो, अगदी हाताला कळेल न कळेल इतका. तिथे थोडा रेंगाळतो. मग एकदम फट्ट. कारण असे की गोल आहे तोवर दाब भिंतीला नुसता आवळतो, आणि भिंत आवळणे फार कठीण. लंबगोल झाला की तोच दाब भिंतीला वाकवू लागतो, आणि वाकवणे सोपे. जितका वाकेल तितका आणखी वाकणे सोपे होत जाते. पोलादाचा बॉयलर असो, रबराचा पाइप असो, हा हिशोब फ्रान्सच्या मॉरिस लेव्ही यांनी १८८४ मध्ये मांडून ठेवला आहे. तो सांगतो की भिंत तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर नळी एक अष्टमांश दाबालाच चपटी होते. तिप्पट केला तर सत्ताविसाव्या भागाला.

लेव्हींच्या काळी अणू आहेत की नाहीत यावरच वाद होते, आणि त्यांचे सूत्र एका अणूच्या जाडीच्या भिंतीला लागू पडते! १.४ नॅनोमीटरच्या नळीला ते दोन गिगापास्कलच्या जवळपास आकडा देते, प्रयोगांतूनही तिथेच आसपास मिळतो. २.८ नॅनोमीटरची घेतली तर पाव गिगापास्कलच्या थोडे पुढे. एक नॅनोमीटरच्या खाली मात्र सूत्र जरा फुगवून सांगते, कारण इतक्या अरुंद नळीच्या घेरात मोजके अणू असतात आणि तिला सलग पत्रा मानणे फोल ठरते.

शेजाऱ्याच्या पाइपातली कडी म्हणजे भिंत जाड करण्याचा मार्ग. नॅनोट्यूबमध्ये तेच काम आतली दुसरी, तिसरी नळी करते, म्हणून अनेकभिंती नळ्या तेवढ्याच व्यासाच्या एकभिंतीपेक्षा तग धरतात. आत पाणी शिरलेले असेल तर तीही रिकामीपेक्षा उशिरा चपटी होते, तुमच्या भरल्या पाइपासारखीच.

इथवर जमले. पण एका ठिकाणी तुमचा पाइप आणि नॅनोट्यूब यांचे रस्ते वेगळे होतात. पाला काढला, पाणी आले की तुमचा पाइप फुगतोच, कारण रबराच्या दोन भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. कार्बनच्या चिकटतात. ग्रॅफाइटचे थर ज्या ओढीने एकावर एक राहतात तीच ओढ, अंतर ०.३४ नॅनोमीटर. नळी अरुंद असेल तर भिंतीचा ताठपणा या ओढीला पुरून उरतो आणि नळी परत गोल होते. रुंद असेल तर ओढ जिंकते. सुमारे पाच नॅनोमीटरच्या पुढे एकभिंती नळीला बाहेरून दाब द्यायचीसुद्धा गरज उरत नाही. चपटे राहणेच तिला स्वस्त पडते. १९९५ मध्ये बर्कलीच्या ॲलेक्स झेटल यांच्या गटाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात अशा पूर्ण चपट्या नळ्या पाहिल्या. मध्ये भिंती चिकटलेल्या आणि दोन्ही कडांना छोटी छोटी पोकळ वेटोळी शिल्लक, कारण अणूंच्या जाळीला कडक घडी घालता येत नाही.

सर, मी अकरावी सायन्सला आहे. जी वस्तू दिसतही नाही ती दाबतात कशात? आणि चपटी झाली हे बाहेरून कळते कसे?
— एक विद्यार्थिनी, साखळी

बाय, प्रश्न दोन विचारलेस, पण खरा अवघड दुसरा आहे. आधी पहिला उरकू, जरी तो उरकायचा म्हटला तरी उरकत नाही, कारण हे यंत्र मला भारी आवडते.

दाबण्यासाठी हिऱ्यांची ऐरण वापरतात. दोन हिरे, अंगठीतल्यासारखे पैलू पाडलेले, टोकाला टोक लावून समोरासमोर. टोके घासून सपाट केलेली असतात, सपाट भागाचा व्यास ०.४ मिलिमीटर वगैरे. मध्ये पोलादाची पातळ चकती, तिला दोनेक केसांच्या जाडीएवढे भोक. त्या भोकात नॅनोट्यूबचा काळा कण, सोबत माणकाचा बारीक चुरा आणि भोक भरायला मिथेनॉल-इथेनॉलचे चारास एक मिश्रण. द्रव कशाला? हिरे फक्त वरून-खालून दाबतात. द्रव तो दाब सगळीकडून सारखा करतो. साधारण दहा गिगापास्कलपर्यंत हे मिश्रण द्रवपण सोडत नाही.

मी हे यंत्र एका प्रयोगशाळेत हातात घेतले आहे. मुठीत मावते. बाहेरून पोलादाचा गोल डबा, चार स्क्रू, ते ॲलन कीने आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. भरभक्कम प्रेस वगैरे काही नाही. हिशोब तूच करून बघ: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ०.४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर दहा गिगापास्कल आणायला बल लागते सुमारे १२५० न्यूटन, म्हणजे सिमेंटच्या अडीच गोणींचे वजन. एक लाख वातावरणांचा दाब आणि तो मनगटाच्या जोरावर! क्षेत्रफळ इवलेसे ठेवायचे, एवढीच सारी युक्ती.

हे यंत्र १९५८-५९ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तयार झाले. तिथल्या मंडळींकडे हिरे घ्यायला पैसे कुठून? सरकारने तस्करांकडून जप्त केलेले हिरे त्यांना दिले. गोव्यातल्या जुन्या माणसांना त्या काळातली तस्करी म्हटली की सोने आठवते. त्यातले काही प्रयोगशाळेत गेल्याचे मी ऐकलेले नाही.

आत दाब किती झाला हे माणिक सांगते. त्याच्यावर लेझर टाकला की ते ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश देते, आणि दर गिगापास्कलला ही तरंगलांबी ०.३६५ नॅनोमीटरने वाढते. दोन गिगापास्कलला पाऊण नॅनोमीटरची सरक. डोळ्याला कळणार नाही, वर्णपटमापीला सहज कळते.

आता दुसरा प्रश्न. हिरा पारदर्शक आहे, तेव्हा त्यातूनच लेझर नॅनोट्यूबवर टाकायचा आणि परत येणारा प्रकाश तपासायचा. बहुतेक प्रकाश आहे त्याच रंगाचा येतो. अगदी थोडा रंग बदलून येतो, कारण जाता जाता त्याने नळीच्या अणूंना कंप दिलेला असतो. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधला तोच परिणाम, तुझ्या पुस्तकात असेल. किती रंग बदलला त्यावरून कंप कोणता ते कळते. नॅनोट्यूबचा एक कंप तिचा अगदी स्वतःचा आहे: सगळी नळी एकाच वेळी फुगते आणि आकसते, श्वास घेतल्यासारखी. नळी जितकी अरुंद तितका हा कंप जलद, १.४ नॅनोमीटरच्या नळीला तो १८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतो (रंगातला बदल या एककात मोजतात). म्हणजे नळी न बघता तिचा व्यास हाती आला.

स्क्रू आवळत गेले की या कंपाची वर्णपटातली रेघ सरकते, मग फिकी होऊ लागते, आणि दीड-दोन गिगापास्कलपाशी नाहीशी होते. कारण उघड आहे. लंबगोल किंवा चपट्या नळीला सगळीकडून सारखे फुगता येत नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या गटाने नळ्यांच्या जुड्यांवर हे पाहिले, नंतर अनेकांनी. पण एक रेघ गेली म्हणजे नळी चपटीच झाली असे लगेच म्हणू नये. लेझरचा रंग आणि नळीतल्या इलेक्ट्रॉनांचा मेळ दाबामुळे बिघडला तरी रेघ फिकी पडते. म्हणून दुसरी एक रेघ बघतात, १५९० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची. ती भिंतीतल्या अणू-अणूंमधल्या बंधांची. दाबासोबत ती कशी सरकते याचा आलेख काढला तर ठराविक दाबाला त्याचा चढ बदलतो, आणि बदल तिथेच आला तर मग बोलायला हरकत नाही. शिवाय क्ष-किरण आहेतच: जुडीतल्या नळ्या त्रिकोणी मांडणीत बसलेल्या असतात, त्या मांडणीचे काय झाले ते क्ष-किरणांतून दिसते. प्रॅक्टिकलला एकाच वाचनावर निष्कर्ष लिहिणाऱ्या मुलांची जर्नल्स मी परत करत असे. त्याचे कारण हेच.

चपटी होऊन परत गोल होते हे भारतात कोणी करून पाहिले आहे, की नेहमीप्रमाणे परदेशातले सांगतात म्हणून आपण मान डोलवायची?
— एक निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

तुमचा सूर ओळखीचा आहे, पण या वेळी नेम चुकला. या प्रश्नावरचे सुरुवातीचे आणि चांगले काम भारतातले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद, जे २०२२ पासून केंद्र सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार आहेत, त्यांच्या गटाने २००० मध्ये नळ्यांच्या जुड्या जवळजवळ २६ गिगापास्कलपर्यंत दाबल्या. दाब उतरवल्यावर रामन वर्णपटातल्या रेघा परत आल्या. पुढल्या वर्षी याच गटाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मंडळींबरोबर क्ष-किरणांनी तपासले, त्या लेखात भारतरत्न सी. एन. आर. राव यांचेही नाव आहे. त्यांना आढळले की जुडीची त्रिकोणी मांडणी सुमारे दहा गिगापास्कलपर्यंत टिकते, तिथे बदलते, आणि १३ पर्यंत नेऊन सोडले तरी परत येते.

त्याआधी एका जपानी गटाच्या प्रयोगात ही मांडणी चार गिगापास्कलच्या पुढे दिसेनाशी झाली होती आणि पाचच्या पुढे नेल्यास परत येत नव्हती. तिकडे चार, इकडे दहा. मग खोटे कोण? कोणीच नाही. नळ्या कशा बनवल्या, व्यास किती, उघड्या की बंद, भोवती द्रव कोणता होता आणि तो सगळीकडून सारखा दाबत होता का, यावर उत्तर हलते. सावईवेऱ्याच्या पत्राच्या उत्तरातला घनाचा नियम आठवा: व्यास दुप्पट, तर दाब एक अष्टमांश. व्यासात थोडा फरक पडला की दाबात केवढा पडतो.

परत न येण्याचीही उदाहरणे आहेत. २००२ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ऐरणीतला एक हिरा दाबाखाली फिरवला, म्हणजे दाबासोबत कातरही (थर एकमेकांवरून सरकवणारा जोर) दिली. २४ गिगापास्कलपाशी नळ्यांच्या भिंती एकमेकींशी बांधल्या गेल्या आणि हिऱ्याच्या जवळपास जाईल असा कठीण पदार्थ मिळाला. दाब काढला तरी तो तसाच राहिला. म्हणजे चपटे होणे वेगळे आणि भिंतींमध्ये नवे रासायनिक बंध जुळणे वेगळे. पहिल्यातून माघार आहे, दुसऱ्यातून नाही.

वाकवण्याचीही तीच तऱ्हा. इजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की नळी वाकवली की तिला मुरड पडते, पण ११० अंशांपेक्षा जास्त वाकवली तरी बंध तुटत नाहीत आणि सोडली की सरळ होते. पोलादाच्या पाइपाला अशी मुरड पडली की तो भंगारात.

दमास्कसच्या तलवारीत नॅनोट्यूब सापडल्या म्हणतात. आमच्या घराण्यातल्या तलवारीत असतील का?
— एक वाचक, पेडणे

२००६ मध्ये ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत, आम्लाने पोलाद विरघळवल्यावर, तशा नळ्या दिसल्या हे खरे. ते पोलाद भारतातल्या वूट्झ जातीचे. पण तलवारीची धार त्या नळ्यांमुळे होती असे त्यातून सिद्ध होत नाही. तुमची तलवार मात्र आम्लात घालू नका. दसऱ्याला पुजा.

माझा होड्या दुरुस्त करायचा धंदा आहे, फायबरग्लासच्या. एक विक्रेता 'नॅनोट्यूब घातलेले' रेझिन दुपटीला देतो आणि म्हणतो होडी दगडावर आपटली तरी चीर जाणार नाही. घेऊ का?
— एक कारागीर, शापोरा

चीर जाणार नाही असे सांगणाऱ्याकडून साधे रेझिनसुद्धा घेऊ नका.

रेझिनमध्ये थोड्या नॅनोट्यूब घातल्याने, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी, चीर पसरायला अडथळा होतो हे खरे आहे. बारीक चीर पुढे जाताना वाटेत नळ्या आडव्या येतात, त्यांना रेझिनमधून ओढून काढावे लागते आणि त्यात जोर खर्ची पडतो. पण हे होते ते नळ्या सुट्या, सारख्या पसरलेल्या असतील तर. आपसातल्या ओढीने त्या गोळा होतात, आणि रेझिनमधला असा गोळा म्हणजे चीर सुरू व्हायची जागा. बादलीत काठीने ढवळून गोळे सुटत नाहीत; त्याला कारखान्यातली यंत्रे लागतात. तेव्हा विक्रेत्याकडे माहितीपत्रक मागा. नळ्या किती टक्के, एकभिंती की अनेकभिंती, चाचणी कोणती केली, हे त्यावर नसेल तर तुम्ही काळ्या रंगाचे पैसे देत आहात. तुमच्या होडीची चीर बहुतेक वेळा जुना थर आणि नवा थर यांच्या सांध्यात जाते. तिथे नॅनोट्यूब काही करत नाही. सांधा नीट घासलेला आणि कोरडा असणे करते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेली होडी वरून कोरडी दिसली तरी आत ओल धरून असते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

घेतलेच, तर घासताना सांभाळा. जे गुण मी वर इतक्या कौतुकाने सांगितले, लांब, बारीक, ताठ, न मोडणारी, तेच फुप्फुसात नको असतात. ॲस्बेस्टॉसचा त्रास याच आकारामुळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये अनेकभिंती नॅनोट्यूबच्या एका ताठ जातीला 'माणसात कर्करोग करू शकेल' अशा गटात घातले. बाकीच्या जातींबद्दल तेव्हा पुरेसा पुरावा नव्हता. कोणती जात तुमच्या डब्यात आहे हे डबा सांगणार नाही. रेझिन घट्ट झाल्यावर नळ्या त्यात अडकून राहतात, नुसता हात लावल्याने काही होत नाही. धोका कोरड्या घासण्याच्या धुळीचा. पाणी मारून ओला पॉलिशपेपर वापरा, तोंडाला रुमाल नव्हे, धुळीचा चांगला मास्क लावा, आणि शेडमध्ये नाही, उघड्यावर घासा. खरे तर नुसत्या फायबरग्लाससाठीही हेच करायला हवे.